भट्टीवाल्याची चाल

ऑस्बी, उत्तर डकोटा
२० फेब्रुवारी २००५

चि. ब्रिटास,
सिग्नेमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला, उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. थंडी अशी पडलीय की पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचं म्हणजे लढाईवर निघाल्यासारखं वाटतं. तुझ्या काकांचा गुडघा पुन्हा धरलाय. डॉक्टरकडे जायचं नाव नाही. मला ऐकू येत नाही ही सोय समजून दिवसभर कण्हत बसतात. कण्हणं मला दिसतं, हे काही त्यांच्या लक्षात येत नाही.

आता हसू नकोस. नाताळात तू इथे टीव्हीवर ती ‘झंझावात’ मालिका लावून बसायचीस तेव्हा मी तुला टोमणा मारला होता, की पंचविशी उलटलेल्या पोरीने घट्ट कपडे घालून छपरांवरून उड्या मारणारे बाप्ये काय बघत बसायचं! तो टोमणा परत घेते. आता दर गुरुवारी मीसुद्धा बघते. आवाज असून माझ्या काय कामाचा, खाली अक्षरं उमटतात ती वाचते. तुझा तो नायक मला मुळीच आवडलेला नाही. बाई बाई, केवढा तो केसांचा तोरा! माझं सगळं लक्ष असतं त्या भट्टीवाल्यावर. पायापासून गळ्यापर्यंत काळं चामडं आणि तोंडावर तो लोखंडी मुखवटा.

तुला एक विचारायचं होतं. त्या मुखवट्याआड खरा माणूस कोण आहे? मोसम संपताना त्याला मारणार तर नाहीत ना? तू त्या संगणकावर जगभरच्या लोकांशी यावर वाद घालतेस, तेव्हा तुलाच ठाऊक असणार. घाई नाही, पण उशीरही करू नकोस.

माया आहेच, ती काय दर वेळी कागदावर मोजून द्यायची!
तुझी,
सिग्नेमावशी

ता. क. हे मी विचारल्याचं काकांना कळवू नकोस.


मिनीॲपोलिस
६ मार्च २००५

ती. सिग्नेमावशीस,
ब्रिटाचा शि. सा. न. वि. वि.

मावशी, तुझं पत्र मी दुकानात गल्ल्यावर उभ्या उभ्या तीनदा वाचलं. चित्रकथा घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकांनाही वाचून दाखवलं. ऑस्बीच्या चर्चमध्ये कॉफी वाटणारी माझी मावशी भट्टीवाल्याच्या बाजूची निघाली, यावर कुणाचा विश्वास बसेना!

तर ऐक. मुखवट्याआड आहे लॉयड क्वेन, जुना रंगभूमीवरचा नट. आवाज त्याचा आहे, शेवटी नावांच्या पाट्या येतात त्यांतही त्याचंच नाव येतं. काय आवाज आहे म्हणून सांगू! आणि ती चाल! एक पाय बाहेर फेकत, पायरीपाशी क्षणभर थबकत येतो तेव्हा अंगावर काटा येतो. क्वेनने ती चाल म्हणे महिनोन्महिने मेहनत करून बसवली, असं संगणकावरच्या आमच्या मंडळातले जाणकार सांगतात. त्यावर मी दोन पानी लेखही लिहिलाय.

भट्टीवाला खरा कोण, यावर आमच्यात तीन तट आहेत. काहींच्या मते तो नायकाचा बाप, लहानपणी सोडून गेलेला. काहींच्या मते तो नायकच, म्हातारा होऊन भविष्यातून मागे आलेला. माझं मत असं, की तो मुळात वाईट नाहीच. त्याला कुणीतरी घराबाहेर काढलंय आणि परत कसं जायचं ते त्याला कळत नाहीये. यावरून मंडळात मला फार ऐकून घ्यावं लागतं. मारणार मात्र नाहीत, निर्धास्त राहा. एवढा चांगला खलनायक कुणी वाया घालवत नाही.

पहिल्या मोसमाच्या फिती सोबत पाठवतेय. आई गेल्यापासून मला रागवायला तूच उरलीस, म्हणून कामात कसूर करू नकोस.

तुझीच,
ब्रिटा


ऑस्बी
५ जून २००५

चि. ब्रिटास,
अनेक आशीर्वाद.

फिती पोचल्या आणि पाहूनही झाल्या. एकदा नाही, पुष्कळदा. त्याला घराबाहेर काढलंय असं तू लिहिलंस ना, ते वाक्य मी परत परत वाचलं. मंडळातल्या लोकांना म्हणावं, माझी मावशी माझ्या बाजूने आहे.

गेल्या महिन्यात मोसम संपला. मुखवटा काढतील म्हणून मी इतकी धास्तावले होते की लेफ्सेची पोळी तव्यावर करपून कोळसा झाली. काढला नाही, सुटले. गोष्ट संपल्या संपल्या आमचं इथलं टीव्ही केंद्र नावांच्या पाट्या कापून टाकतं आणि गव्हाचे भाव नि हवामान दाखवतं. भाव उतरलेत, पाऊस नाही.

एक गंमत सांगते. काका गुरुवारी पेपर तोंडासमोर धरून बसतात. पेपर कधी कधी उलटा असतो. भट्टीवाला आला की खाली येतो आणि तो गेला की परत वर जातो. मी बघितलं नाही असं दाखवते. लग्नाला चाळीस वर्षं झाली की माणूस एवढं शिकतं.

पुढच्या मोसमात तो आहे ना? तेवढं कळलं तर लगेच लिही, इतर बातम्या राहू देत.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
सिग्नेमावशी


ऑस्बी
९ ऑक्टोबर २००५

चि. ब्रिटास,
अनेक आशीर्वाद. 

आज गप्पाटप्पा लिहायचं मन नाही. नवा मोसम सुरू होऊन तीन गुरुवार झाले. ब्रिटा, तो माणूस तो नाही. कपडे तेच, मुखवटा तोच, आतला माणूस वेगळा आहे. तो पाय फेकण्याचं सोंग करतोय, आणि भलताच पाय फेकतोय.

आता तुला सांगायलाच हवं. आतला माणूस आपला डेल होता. मी वेडी झालेले नाही. कान गेल्यापासून मी माणसं चालीवरून ओळखते. दार उघडून कोण आलं हे मला जमीन हलते त्यावरून कळतं. तुम्हा सगळ्यांना त्या क्वेनचा आवाज ऐकू येत होता म्हणून तुम्हाला क्वेन दिसला. मला आवाजच नव्हता. मला माझा मुलगा दिसला.

तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. डेल नऊ वर्षांचा असताना आमच्या म्हाताऱ्या घोड्यावरून, एमोसवरून पडला आणि डावा पाय मोडला. त्याला पुन्हा चालायला शिकवलं माझ्या सासूबाईंनी. त्या मिसुरीकडच्या, माहेरच्या प्रुइट. प्रुइटांची पोरं रडत नाहीत, असं बजावत त्याला अंगणात फिरवायच्या. तेव्हापासून तो स्वतःला प्रुइटच म्हणवायचा. घोड्यावर तर त्याने कधी राग धरलाच नाही. उलट एमोस मेला तेव्हा आठवडाभर जेवला नाही.

तो विसाव्या वर्षी सिनेमात उड्या मारायला निघाला तेव्हा काकांनी त्याला बजावलं, की गेलास तर परत तोंड दाखवू नकोस. त्याला अकरा वर्षं झाली. एक ओळ आली नाही. आणि मग त्या गुरुवारी तो मला त्या पडद्यावर पायरीपाशी थबकलेला दिसला. ब्रिटा, मी खुर्चीतून उठून त्याला हात द्यायला गेले होते.

तू त्या लोकांना विचार. आजारी पडला का, भांडण झालं का, दुसरीकडे काम मिळालं का. कुठे आहे एवढंच हवंय. मी पत्र लिहीन, काकाही लिहितील, ते मी बघून घेते.

तुझी,
मावशी


मिनीॲपोलिस
९ ऑक्टोबर २००५

ती. सिग्नेमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी, उत्तराला उशीर झाला, कान धरते! पण कारणही तसंच आहे. इथे नुसता धुमाकूळ चाललाय. तुझ्या तीक्ष्ण नजरेला दिसलंच असेल, भट्टीवाल्याची चाल बदललीय! मंडळात रात्रंदिवस हाच विषय. कुणी म्हणतं तोतया आहे, कुणी म्हणतं जुळा भाऊ.

आणि त्यावर तोड काढलीय ती तुझ्या भाचीने. तुमचं केंद्र पाट्या कापतं म्हणून तुला हे दिसलं नसणार. मागच्या मोसमाच्या अगदी शेवटी, सगळं संपल्यावर, काळ्या पडद्यावर एक ओळ येते: ‘एमोस प्रुइटसाठी. वाट तुझीच.’ बस, एवढंच. या नावाचा कुणी नट नाही, लेखक नाही. आम्ही सगळीकडे शोधलं. म्हणजे हे नाव मालिकेतलंच! माझं म्हणणं असं, की एमोस प्रुइट हेच खऱ्या भट्टीवाल्याचं नाव. सध्याचा तोतया आहे, खरा वाटेवर आहे, आणि चौथ्या मोसमात तो परत येणार. लेख टाकल्यापासून हजारो लोकांनी वाचलाय. अर्धं मंडळ आता ‘एमोस कधी येणार’ याच्यावरच पैजा लावतंय.

तुझा अंदाज काय ते कळव. तू पैज लावलीस तर तुझ्या बाजूने मीही लावीन.

गुडघेवाल्या काकांना नमस्कार.
तुझी लाडकी आणि आता थोडी प्रसिद्ध,
ब्रिटा


मिनीॲपोलिस
२४ ऑक्टोबर २००५

ती. सिग्नेमावशीस आणि ती. हॅल्वरकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

घरी नीट पोचले. मावशी, तू गाडीत ठेवलेला सूपचा डबा पाहिला आणि रस्त्याकडेला गाडी थांबवून खूप रडले.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा माझं तुझ्या पेटीत पडलं असणार, हे कळताच मी कपडेसुद्धा न बदलता निघाले होते. पोचेपर्यंत नुसतं वाटत होतं, टपाल रखडलेलं असू दे. आत आले तर ते टेबलावर उघडं होतं आणि तू माझ्यासाठी पलंगावर चादर घालत होतीस. मावशी, मला ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

काल मालिकेच्या कचेरीतल्या एका बाईंशी फोनवर बोलणं झालं. फार भल्या आहेत. त्या म्हणाल्या, डेल तिथे सगळ्यांना एमोस म्हणूनच माहीत होता. अवघड उड्या आणि मुखवट्यातलं चालणं त्याचं, आवाज तेवढा नंतर क्वेनचा भरायचे. त्याचं नाव बाहेर फोडायचं नाही असा करारच होता. एप्रिलमध्ये, मोसमाचं काम संपल्यावर, मोटारसायकलवरून डोंगरात फिरायला गेला होता. वळणावर गाडी घसरली. कुणाची चूक नव्हती, फार वेळ त्रासही झाला नाही. घरच्यांचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. सोबतच्या मंडळींनी त्याला तिथेच पुरलं आणि ती ओळ हट्टाने घालून घेतली. ‘वाट तुझीच’ हे त्याला उशीर झाला की सगळे म्हणायचे. त्याच्या खोलीतल्या चार वस्तू त्यांनी जपून ठेवल्यात, त्या पाठवतील. दगडावर डेल हे नावही कोरून देतील.

मला स्वतःचीच लाज वाटते. लहानपणी मी त्याच्यामागून लंगडत त्याची नक्कल करायचे, तो मला झाडावर चढवून शिडी काढून घ्यायचा. आणि दोन वर्षं तीच चाल पडद्यावर पाहून मी क्वेनचं कौतुक लिहीत बसले. त्याच्या मरणाच्या ओळीवर मी पैजा लावायला लावल्या. तो लेख काढून टाकावा आणि मंडळातल्या सगळ्यांना खरं काय ते सांगावं, असं म्हणतेय. फक्त तुला विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही.

क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागते.
तुमची,
ब्रिटा


ऑस्बी
६ नोव्हेंबर २००५

चि. ब्रिटास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

आधी एक सांगते, रडणं पुरे. तू ती ओळ लिहिली नसतीस तर मी म्हातारी पुढची दहा वर्षं दर गुरुवारी दुसऱ्याच कुणाच्या पोराचे पाय न्याहाळत बसले असते. माझ्या पोराचं काय झालं ते मला घरच्या माणसाकडून कळलं. ते परक्याकडून कळण्यापेक्षा बरं.

पार्सल आलं. दोन सदरे, दाढीचं सामान, एक जोडा. डाव्या जोड्याची टाच बाहेरून झिजलेली. तो जोडा काकांनी हातात घेतला आणि गोठ्यात निघून गेले. मी जेवायला बोलवायला गेले तर तिथे बसून होते. मला म्हणाले, मी त्यांचे ओठ वाचले, की पोराने माझा शब्द फारच पाळला. मला त्यांचा राग येतो आणि मग त्यांचीच दया येते. एकाच दिवसात दोन्ही येतं. दोघं मिळून जेवतो, हे सध्या पुष्कळ आहे.

आता ते फिती लावतात. यंत्राची बटणं त्यांनी माझ्याकडून शिकून घेतली. भट्टीवाला बँकेच्या दारातून आत येतो ना, तेवढंच बघतात. पायरीपाशी थबकतो, पाऊल टाकतो, आत येतो. तो बाहेर पडायच्या आत थांबवतात आणि परत पहिल्यापासून. मीही शेजारी जाऊन बसते.

मंडळातल्या लोकांना सांगायचं म्हणतेस, तर माझं ऐक. लेख काढू नकोस. खरं त्यांना आज ना उद्या कळेलच, तुझ्या हातून कशाला? अकरा वर्षं या घरात त्याची वाट मी एकटीने पाहिली, तीही चोरून. आता हजारो माणसं तो येणार म्हणून उघडपणे वाद घालतायत. घालू देत. मला रात्री झोप लागत नाही तेव्हा मी त्यांचाच विचार करते आणि बरं वाटतं.

आणि कुणी फारच नेट लावून विचारलं, की एमोस प्रुइट नक्की कधी येणार, तर सांग की ते अजून कळलेलं नाही. पण त्याच्या घरचे जागे आहेत आणि दार लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही.

नाताळात ये. पत्र लिहून लोभ कळवायचे दिवस आता नकोत, समोर येऊन बस.
तुझी,
सिग्नेमावशी