बाईंची कोरी सही

३ मार्च, सोमवार

मिळाली! प्रबंधासाठीची शिष्यवृत्ती मिळाली. वर्षभर परदेशात राहून काम करायचं, सगळा खर्च त्यांचा. अख्ख्या विभागातून एकाची निवड — माझी. माझे गाइड सर भर कॉरिडॉरमध्ये पाठीवर थाप मारून म्हणाले, "लेका, समिती तुझ्या भाषेवर खूश आहे! तिथली भाषा 'उत्तम' येणारा उमेदवार त्यांनी पहिल्यांदाच पाहिला."

माझं तोंड एवढंसं झालं. सरांना वाटलं, विनय.

४ मार्च, मंगळवार

लिहूनच टाकतो. इथे कोण वाचतंय?

माझा विषय — कचेऱ्यांबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे लेखनिक. आपल्याकडचे आणि तिथले, तुलना. तिथल्यांच्या शेजारी बसायचं, त्यांचे कागद वाचायचे, तर भाषा यायलाच हवी. म्हणून अर्जाला भाषेच्या शिक्षकाने भरलेला फॉर्म जोडावा लागतो. वाचन, लेखन, बोलणं, समजणं. प्रत्येकापुढे चार घरं — उत्तम, बरं, जेमतेम, नाही.

आमच्या बाई मूळच्या तिथल्याच, लग्न होऊन इकडे आलेल्या. जेवणाच्या टेबलावर शिकवतात. विद्यार्थी आम्ही दोघंच — मी आणि विभागातली ज्युनिअर. लायब्ररीत सारखी तुरुतुरु पळत असते म्हणून तिला मी खारूताई म्हणतो. तिचा फॉर्म बाईंनी आठवडाभर आधी स्वतः भरून दिला. मी नेहमीसारखा शेवटच्या दिवशी उगवलो. बाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालेल्या, टॅक्सी दारात. उभ्याउभ्याच कोऱ्या फॉर्मवर सही केली. म्हणाल्या, "खुणा तूच कर. तुला किती येतं ते तुला माहीत आहे की."

माहीत होतं. जेमतेम! चारही घरांत जेमतेम. मी चारही ठिकाणी 'उत्तम'वर खूण केली.

७ मार्च, शुक्रवार

आप्पांनी न्हाव्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. रविवारी, तेवीसला, घरी माणसं बोलावणार आहेत. "पोराने नाव काढलं!" त्यांनी असं म्हटलं की मी बाथरूममध्ये जातो.

आज शिकवणीला दांडी.

१० मार्च, सोमवार

खारूताई भेटली. तिला नकार आलाय. समितीचा शेरा दाखवला — 'भाषेचं ज्ञान अपुरं.'

अपुरं! बाईंच्या विनोदांवर ही बाईंबरोबर हसते. मी त्या दोघी हसल्यावर हसतो. पण बाईंनी तिला चारही ठिकाणी 'बरं' दिलं होतं. चाळीस वर्षं शिष्यवृत्तीच्या भाषा-परीक्षक आहेत, 'बरं'च्या वर कुणाला देतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, "उत्तम मला तरी कुठे येतं!"

"दादा, तुम्हाला काय दिलं बाईंनी?" तिने सहज विचारलं.

"आठवत नाही गं."

आठवत नाही म्हणे! लाज वाटत नाही?

"यादीत तुमच्यामागे माझाच नंबर होता," ती हसत म्हणाली. "जाऊ दे, तुम्हाला मिळाली म्हणजे घरातच राहिली." आणि पिशवीतून स्वतःचा शब्दकोश काढून माझ्या हातात दिला. तिच्या बारीक अक्षरातल्या टिपांनी भरलेला. "तुम्हाला लागेल तिकडे."

घेतला मी. थँक्यूसुद्धा म्हणालो.

मी एकतीस तारखेच्या आत नाही म्हटलं, तर शिष्यवृत्ती तिला जाते. एवढंच करायचंय. एका ओळीचं काम.

१४ मार्च, शुक्रवार

शिकवणी. खारूताई आली नव्हती. बाई म्हणाल्या, "काल शिष्यवृत्तीच्या ऑफिसातून फोन आला होता. फॉर्मबद्दल विचारत होते."

मी म्हटलं, "मग?"

"वाच पुढे."

वाचायला लागलो. ओळीओळीला ठेचा. एरवी शब्दाशब्दाला थांबवणाऱ्या बाईंनी एक चूक दुरुस्त केली नाही. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "काही सांगायचंय का तुला?"

"नाही," म्हणालो.

"बरं. आज इतकंच." चहा मात्र दिला. तो पिऊनच निघालो.

१८ मार्च, मंगळवार

सरांना म्हटलं, "सर, माझी भाषा तितकीशी..." ते म्हणाले, "अरे, तिथे गेलं की महिन्याभरात येते. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

मला हेच ऐकायचं होतं. म्हणूनच तर अर्धंच सांगितलं.

दुपारी प्रबंधाचं दुसरं प्रकरण तपासायला घेतलं. त्यात मीच लिहिलंय — चांगला लेखनिक गिऱ्हाइकाने न सांगितलेला शब्द त्याच्या सहीच्या वर कधी घालत नाही. वा रे पठ्ठ्या! पुढे वाचवेना.

२१ मार्च, शुक्रवार

बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली.

"त्या मुलीला सांगितलंस?"

"नाही."

"बाईंना?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? मी काय, माफ करून टाकू तुला?" आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

खरं आहे तिचं. बसलो, ऑफिसला पत्र लिहिलं. चार ओळी. फॉर्म मी भरला, बाईंनी नाही. पाठवलं नाही. आप्पांचा रविवार होऊन जाऊ दे.

बाईंना कळवलं — ताप आहे, येत नाही.

२४ मार्च, सोमवार

रविवार झाला. हार घालून घेतला. पाठवलं नाही.

२६ मार्च, बुधवार

ऑफिसचंच पत्र आलं. दिलगिरी व्यक्त केलीय — माझ्याकडे! भाषेच्या फॉर्ममध्ये घोटाळा झाल्याने निवड बदलावी लागतेय, शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. सोबत बाईंच्या पत्राची प्रत. 'दोन्ही फॉर्म मीच भरले. डोळ्यांनी दगा दिला, एकाच्या खुणा दुसऱ्याच्या फॉर्मवर झाल्या. 'उत्तम' मुलीला आहे. मुलाचा काही दोष नाही.' त्यावर तारीख तेरा मार्च. म्हणजे चौदाला मला विचारलं, तेव्हा त्या हे करून बसल्या होत्या.

खाली ऑफिसची एक ओळ : बाईंचं नाव परीक्षकांच्या यादीतून वयोमानामुळे कमी करण्यात येत आहे.