चुंबक बंद असताना

बंगलोर, ऑक्टोबर १९९५

प्रिय जितेंद्र,

गुरुवारच्या मुलाखतीसाठी तू पुण्यात घोकंपट्टी करत बसला असशील, आणि मी ही असली बातमी पाठवतेय. चिडलास तरी शेवटपर्यंत वाच. माझी मैत्रीण नयना आज उद्यान एक्सप्रेसने पुण्याला निघतेय, तिच्या हातीच पत्र देतेय.

आपल्या लेखातला तो फोटो खोटा निघाला. ज्याच्या जोरावर तुला कायमची नोकरी मिळणार आणि माझे बाबा लग्नाला हो म्हणणार, तोच. अतिवाहक स्फटिकातले चुंबकीय भोवरे एका रेषेत उभे राहतात, असं आपण त्या लेखात दोघांच्या नावानं छातीठोक लिहिलंय. ते भोवरे नाहीतच रे.

झालं असं, की खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, आमचे मदतनीस हणमंतराव यांनी दरवर्षीसारखी प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. पूजेच्या दिवशी यंत्राला विश्रांती, म्हणून चुंबकाची वायर काढून ठेवली. 'अक्का, आज स्वल्प आराम करू दे त्याला,' म्हणून मलाही घरी पिटाळलं. दसऱ्यानंतर मी आले ती घाईत. हेलियम संपत आलं होतं. चुंबकाचं बटण फिरवलं, पण मीटरचा काटा शेवंतीच्या हाराखाली झाकलेला. स्फटिक थंड केला, त्यावर लोखंडाची बारीक धूळ बसू दिली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. फोटोतल्या त्याच ओळी! खुशीत आवराआवर करायला गेले तर वायर अजून बाहेरच. चुंबक नाही तर भोवरे कुठून येणार?

मग मुद्दाम चुंबक बंद ठेवून पुन्हा केलं. पुन्हा त्याच ओळी. चिकटपट्टीनं वरचा थर सोलताना स्फटिकावर ज्या पायऱ्या राहतात, त्यांच्या कडेला धूळ अडकते, एवढंच. घरात केर भिंतीच्या कडेला साठतो ना, तसा. आपण त्यालाच नवा शोध समजलो. मी इंदिरानगरच्या बसमध्ये रडले, आणि शेजारच्या बाईनं मला पेरू दिला. तेवढ्यातही हसू आलं.

चूक कुणाच्याही हातून होते. तेवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं, फोनवर सांगून मोकळी झाले असते. फोटो खोटा निघाला, एवढं सांगितलंही काल, इथल्या शिवाजीनगरच्या बूथवरून, मागे रांग खोळंबली असताना. तू 'असं कसं होईल' म्हणाला नाहीस. 'पुन्हा करून बघ' म्हणाला नाहीस. 'कुणाला बोललीस का?' एवढंच विचारलंस. रात्रभर तेच कानात वाजतंय. जितू, तुला आधीपासून माहीत होतं. गुरुवारी संध्याकाळी मी इथल्या आमच्या सरांना फोटोचं सांगणार आहे. तुझ्या प्रश्नाचं नाही. त्याआधी मुलाखतीत तू स्वतः सांगितलंस, तर ती आपल्या दोघांची चूक असेल, आणि बिननोकरीच्या जावयासाठी बाबांशी मी भांडेन. गप्प राहिलास, तर भांडायला माझ्याकडे काही उरणार नाही.

अजून तरी तुझीच,
शलाका