खुर्चीवरची चिठ्ठी

२ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे मीच ठेवलं. कागद तीनदा हातात घेतला. एकदा त्यावर बुटाचं माप काढलं, एकदा भाजीची यादी केली, तिसरा सापडत नाही. दर आठवड्याला वीस डच शब्द पाठवीन असं कबूल करून निघालो आणि दोन महिन्यांत एक नाही. मनसोक्त शिव्या दे.

सध्या एका कारखान्याच्या खानावळीत भांडी विसळतो. आधी फुलांच्या गोदामात होतो, ते का सोडलं ते मग सांगेन, गंमत आहे. तर शब्द. बोर्ड म्हणजे ताटली. मेस म्हणजे सुरी. स्नेल म्हणजे लवकर, हा दिवसातून शंभरदा ऐकतो. खुर्चीला स्टूल म्हणतात. मग स्टुलाला काय म्हणतात ते विचारायला गेलो तर मुकादम म्हणाला, आधी कढया उरक.

दाजींकडे अजून गेलो नाही. त्यांचं गाव इथून दोन तासांवर आहे. जाईन.

मायेत कपात करू नकोस.
तुझा भिंगरी

२१ मार्च

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

परीक्षेत मला कोणी भांडी घासायला लावणार नाही, तरी तुझे शब्द पाठ केले. दीड वर्ष झालं, ह्यांचं एकच पालुपद: आधी भाषेची पहिली परीक्षा पास हो, मग बोलावण्याचे कागद धाडतो. परीक्षा २० एप्रिलला आहे. म्हणून खळ शिजवली आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या डच नावाची चिठ्ठी डकवली. टेबलावर ताफल, आरशावर स्पीखल. सासूबाई म्हणतात, आता एक माझ्या कपाळावर लाव. त्यांच्यासमोर बसून रोज घोकते, त्या ऐकतात.

सोबत आमचा लग्नातला फोटो आहे. त्यावरही चिठ्ठ्या लावल्यात. ह्यांच्याखाली मराठीत नवरा, माझ्याखाली तिकडच्या लिपीत फ्राउ, म्हणजे बायको. ह्यांना हसू येईल. पाकिटासकट ह्यांच्याच हातात दे. आणि हे कसे राहतात ते डोळ्यांनी बघून लिही. फोनवर हल्ली दोन वाक्यांपलीकडे जात नाहीत.

वेळेवर जेव, एका जागी टिक, आणि आठवण ठेव.
ताई

२८ एप्रिल

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुन्हा उशीर. मी तीन आठवड्यांपूर्वीच जाऊन आलो.

दाजी कामावर होते. दार एका बाईनं उघडलं. तिथलीच, तुझ्या वयाची. मला बघून नमस्कार म्हणाली, मराठीत. आत गेलो तर खुर्चीवर चिठ्ठी, खुर्ची. आरशावर आरसा. खिडकीवर खिडकी. त्यांच्या लिपीत, गोल गोल अक्षरांत. ती आपली भाषा शिकतेय, ताई. एकेका वस्तूला हात लावून मला वाचून दाखवत होती आणि मी मान डोलावत होतो. तुझा भाऊ म्हणून सांगितलं, तर तिनं मला दाजींचाच भाऊ समजून हाताला धरून बसवलं. तू त्यांची बहीण, असं दाजींनी तिला सांगितलंय.

ताटली, सुरी, लवकर. एवढ्या शब्दांत मी काय सांगणार? खिशातलं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. तिनं फोटो बराच वेळ पाहिला. मग तुझ्या चिठ्ठीवर बोट ठेवून हळूच वाचलं, फ्राउ. आणि खुर्चीवरची स्वतःची चिठ्ठी नखानं खरवडायला लागली. मी पळालो. पाकीट तिथेच राहिलं, त्याच्यामागे तुझा पत्ता आहे.

तेव्हापासून रोज लिहायला बसतो आणि रोज दुसरंच काहीतरी करतो. परवा उगीच समुद्रापर्यंत जाऊन आलो. तू परीक्षेला बसणार हे ठाऊक असून गप्प राहिलो.

राग काढ, पण पत्र तोडू नकोस.
भिंगरी

१२ मे

चि. भिंगरी,
आशीर्वाद आहेत, आज मोजकेच.

तुझं पत्र आणि परीक्षेचा निकाल एकाच टपालात आले. मी निकाल आधी उघडला. पास झाले म्हणून सासूबाईंना हाक मारून सांगितलं, आणि मग तुझं पाकीट फोडलं.

तू गप्प होतास त्या दिवसांत मी 'माझा नवरा तिकडे राहतो' हे वाक्य घोकत होते. परीक्षेत नेमकं तेच विचारलं. एकदाही अडखळले नाही.

त्याला फोन केला. म्हणाला, समजून घे. कुठल्या भाषेत, ते नाही सांगितलं. सासूबाईंना वर्षभर माहीत होतं, हेही त्याच्याकडूनच कळलं. माहीत असून त्या रोज समोर बसून माझं पाठांतर ऐकत होत्या, चुकलं की पुन्हा म्हणायला लावत होत्या. तुझ्यावर रागवायला माझ्याकडे फारसं उरलेलं नाही.

काल चिठ्ठ्या काढायला बसले. खळ चांगलीच शिजली होती, लाकडाचा रंगही सोबत निघतो. खुर्चीवरची तेवढी राहिली आहे.

इतकं लिहिलं आणि दार वाजलं. दारात एक परकी बाई आहे, पाठीवर पिशवी, हातात माझंच पाकीट. एकटीच आलीय. तिनं सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, बसू का म्हणून. मी स्टूल म्हणाले आणि खुर्ची दाखवली. ती अजून उभीच आहे, चिठ्ठी वाचतेय. सासूबाई आत निघून गेल्या.

आता थांबते. आम्हा दोघींकडे मिळून किती शब्द होतात ते बघायचंय.
ताई