जावाच्या संमेलनाला आम्ही तिघं

बीड, १२ डिसेंबर १९९९

तीर्थस्वरूप विरुपाक्षमामांना संगमेशचा शरणार्थ.

नव्या तेलाने तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि मामींचा खोकलाही गेला असेल, असं धरून चालतो. इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे, अब्रू तेवढी गेली. ती कशी गेली हे उमापूरला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात पुण्याला ‘जावा’चं संमेलन होतं. (मामींना सांगा, या सासरच्या जावा नव्हेत, ही कॉम्प्युटरची भाषा आहे. एकमेकांच्या चुका काढण्यात मात्र तिथली मंडळी जावांना हार जात नव्हती.) आमच्या क्लासने मराठी नावांची अक्षरवार यादी लावणारा प्रोग्रॅम केलाय, गेवराईकडच्या अकरा शाळांचे हजेरीपट त्यावरच निघतात. पुणेकरांनी तो दाखवायला बोलावलं. मी, टायपिंगवाला मुंजाजी आणि रोहिणी असे तिघं निघालो. रोहिणी म्हणजे चकलांब्याच्या भगवानरावांची मुलगी. आईबाप ऊसतोडीला गेले की ही भिवराबाई मावशीकडे राहून शिकायची. कॉम्प्युटर माझ्याच क्लासमध्ये शिकली, हे विसरू नका. (ती विसरली.)

मराठी अक्षरं एकाच मशीनवर नीट उमटायची, म्हणून ते अख्खं गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, “लेकराचं तोंड तरी उघडं ठेव बे, गुदमरंल.” मुंजाजीने गोधडी बाजूला केली. “लई चौकोनी हाय,” म्हणून तो पुढे गेला. नगर येईपर्यंत गाडी हसत होती.

सभागृहात सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले. माझ्यावर ‘प्रोग्रॅमकर्ता’, रोहिणीवर ‘मदतनीस’. (नावं मीच कळवली होती. प्रमुखाचं नाव पुढे असतं, ही जगाची रीत आहे.) भाषण मी इंग्रजीतून पाठ केलं होतं आणि बरं चाललं होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी शुद्ध मराठीत विचारलं, “क्षमा हे नाव तुम्ही ‘क’मध्ये लावता की ‘ळ’नंतर, शेवटी?” मी छातीठोकपणे सांगितलं, शेवटी. मागे पडद्यावर क्षमा ‘क’मध्ये, कौसल्येच्या खाली बसलेली. लोक हसले. मी म्हणालो, मशीन प्रवासात हादरलंय. लोक आणखी हसले.

तेव्हा रोहिणी मागून उठली. “सर, मशीन बरोबर हाय. दोन्ही पद्धती ठिवल्यात.” पुढे येऊन तिने एक कळ दाबली, क्षमा यादीच्या तळाशी गेली. मग असं का केलं, कसं केलं, हे तिने वीस मिनिटं आपल्या बोलीत न अडखळता सांगितलं. टाळ्या थांबेनात. त्या बाईंनी विचारलं, “हे लिहिलं कुणी?” रोहिणीने माझ्याकडे पाहिलं. मामा, तिने वाट पाहिली. मी वायर गुंडाळत होतो. तिने गळ्यातला बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

त्याच आठवड्यात ती त्या बाईंच्या कंपनीत लागली. याला कृतघ्नपणा नाही तर काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

तुमचा भाचा (आणि अजून तरी क्लासचा प्रमुख),
संगमेश

ता. क. प्रोग्रॅममधली एकही ओळ माझी नव्हती. हे फक्त तुम्हाला सांगतोय. मुंजाजीला माहीतच आहे.

ता. क. दुसरा. आठ दिवसांपासून शाळांच्या याद्या बिघडल्यात, निम्म्या पोरांची नावं दोनदा येतात. इथे कुणाला काही कळत नाही. भिवराबाई बाजारच्या दिवशी तुमच्या दुकानात येतात. त्यांच्याकडून रोहिणीचा पुण्याचा पत्ता काढा. मी विचारला असं म्हणू नका.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तिचंच पत्र आलं. एका मुख्याध्यापकांकडून तिला कळलं म्हणे. कुठल्या ओळीत काय बदलायचं ते चार पानं भरून लिहिलंय. मुंजाजीने तसं केलं, याद्या सुरळीत झाल्या. पत्रात एक शब्द वावगा नाही. दोन शिव्या लिहिल्या असत्या तर मला जेवण तरी गेलं असतं. पाकिटावर तिने स्वतःचा पत्ता घातलेला नाही. तेवढा काढाच, मामा. मी विचारला असं सांगितलं तरी चालेल.