आत काय निघतं

बाबा, मी हल्ली संस्कृत टाईप करतो, आणि त्याच्या खालच्या ओळीत तिबेटी. हसायचं असेल तर हसून घ्या. नववी नापास माणूस लखनौच्या निशातगंजमध्ये एका रिटायर्ड प्रोफेसर बाईंच्या बैठकीत बसून जुन्या बौद्ध पोथ्या कॉम्प्युटरवर उतरवतो, असं कोणी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, दुसरा कोणी असेल, नीट चौकशी करा. मी कुठे टिकत नाही हे तुम्हाला माहीतच होतं. गॅरेज सोडलं, बागेतली मजुरी सोडली, मग रावेरहून केळीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो तो इकडच्या मंडीत उतरलो आणि परत चढलोच नाही. फ्लेक्सच्या दुकानात टायपिंग शिकलो. बाई तिथे हस्तलिखित पानं घेऊन आल्या होत्या. मी अर्थ न कळता अक्षर न चुकता टाईप करतो, हेच त्यांना आवडलं. अर्थ कळणारे लोक म्हणे आपल्या मनाने सुधारणा करून ठेवतात. त्या मला ‘महाराष्ट्र’ म्हणतात. "आइए महाराष्ट्र, पहले चाय पीजिए." मला जन्मात कोणी ‘आप’ म्हटलं नव्हतं. पहिले आठ दिवस मी मागे वळून बघायचो, कोणाशी बोलतायत.

पण या कामात एक गोष्ट पहिल्यापासून टोचत होती, आणि ती तुमच्यामुळे. पोथी सांगते की बुद्धत्व बाहेरून आणावं लागत नाही, प्रत्येक जिवाच्या आत ते आधीपासूनच असतं. त्याला शब्द आहे तथागतगर्भ. तो शब्द टाईप केला की दर वेळी तुम्ही दिसता, पोस्टमॉर्टेमच्या खोलीतून येऊन अंगणात आंघोळ करणारे. कागदावर सफाई कामगार, पण दवाखान्यात प्रेत उघडायचे ते तुम्ही. डॉक्टर बाजूला उभे राहून लिहून घ्यायचे. आई पाणी तापवून ठेवते. तुम्ही दोनदा साबण लावता. घरात ती तुम्हाला विळीला हात लावू देत नाही, कांदासुद्धा चिरू देत नाही. आणि रविवारी विहारात वंदना झाली की तुम्ही पांढऱ्या शर्टात उभे राहून सांगता, "बुद्धानं सांगितलं आत्मा नाही, ते तुम्ही ऐकून मानता. मी उघडून पाहिलंय." लोक हसतात. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. अख्ख्या वस्तीत पुरावा असलेला बौद्ध एकच, माझा बाप.

तेच हत्यार नववीच्या निकालाच्या दिवशी माझ्यावर चाललं. तुम्ही चुलीपाशी जेवायला बसला होता. गुणपत्रिका पाहिली, पाटाखाली सरकवली आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणालात, "एवढी माणसं उघडली मी. कोणाचं काळीज सुजलेलं, कोणाची लिव्हर दारूनं गेलेली, एकीच्या पोटात लेकरू. सगळ्यांच्या आत काहीतरी निघालं. याला उघडलं तर काही निघायचं नाही." आई म्हणाली, "जेवताना काय बोलता हो! पोरगं आहे ते." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडून वरणात बुडवला. तुमच्यासाठी विषय तिथेच संपला असेल.

दुसऱ्या दिवशी मी बागेत कामाला गेलो आणि कमरेएवढी एक केळ कोयत्याने पाडली. कशासाठी, ते तेव्हा सांगता आलं नसतं. बांधावर बसून खोडाचं एकेक सोपट सोलत गेलो. बाहेरचं हिरवं, मग पिवळट, मग पांढरं, मग इतकं कोवळं की बोटाने फाटावं. शेवटी हातात करंगळीएवढी पानाची सुरळी उरली आणि पाणी. मुकादम धावत आला. "काय भो, डोकं फिरलं का? कशाला मारली तिला?" मी म्हटलं, आत काय आहे ते पाहत होतो. "आत काय असणार? काही नसतं आत! दिवस भरले की निसवते, घड वरून बाहेर येतो. आता बस तिच्यापाशी रडत." मी खरंच रडत होतो, ते त्याने पाहिलं नव्हतं, तो आपला बोलायचं म्हणून बोलला.

मागच्या आठवड्यात बाई एका जागी अडकल्या. संस्कृतात गर्भ म्हणजे आईचं पोटही, पोटातलं मूलही, आणि नुसतं ‘आत’ असंही. तिबेटी भाषांतर करणाऱ्यांनी मात्र तिथे ‘ञिङपो’ लिहून ठेवलंय, म्हणजे काळीज, सार. बाईंना दोन्ही पेलणारा एक शब्द हवा होता आणि हिंदीत सापडत नव्हता. मी मध्येच तोंड घातलं. "मैडम, बुरा मत मानिए, पर घुमा-फिराकर ये आत्मा ही हुआ ना? हमारे घर में आत्मा नहीं चलता."

बाई खळखळून हसल्या. "महाराष्ट्र, आपके घर का एतराज़ बहुत पुराना है. पोथीवाले ख़ुद इसी बात से डरते थे." मग म्हणाल्या, "अच्छा, मराठी में गर्भ का क्या बना?"

मी सांगितलं, गाभा. म्हैस गाभण राहते, देवळात गाभारा असतो, आणि केळीचा गाभा.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "केले का? अरे, केले के तने में तो कुछ होता ही नहीं. बौद्ध ग्रंथ तो खोखलेपन की मिसाल ही उसी से देते हैं."

"पता है मैडम. मैंने खोलकर देखा है," मी म्हटलं, आणि बोलता बोलता मलाच ऐकू आलं, आवाज तुमचा होता.

मग मी त्यांना बागेतली गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "काट दिया, इसीलिए नहीं मिला." मी म्हटलं, "नहीं मैडम. उस दिन सच में कुछ नहीं था. बगलवाली में भी नहीं था. पर उसको बाद में घड आया." बाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "इतने पन्ने काले किए मैंने," त्या म्हणाल्या, "और आप यहाँ चुपचाप टाइप करते रहे?"

त्या दिवशी मी बख्शी का तालाबकडे, माझ्या खोलीवर, टेम्पोच्या मागच्या सीटवर उलटं तोंड करून बसून गेलो. दोन्ही बाजूंना गहू कापून मोकळी झालेली शेतं, ऊन अजून डोक्यावर. छाती इतकी हलकी वाटत होती की शेजारच्या माणसाने विचारलं, "क्या भैया, लॉटरी लगी?" मी इतकी वर्षं तुमचं ते बोलणं निकालासारखं जवळ बाळगलं होतं. कुठल्याही मालकाने ‘बघू तुझ्यात काय आहे’ म्हटलं की मी महिनाभरात ते काम सोडायचो, त्याने उघडून बघायच्या आत. तुम्ही खोटं बोलला नव्हता, बाबा. त्या दिवशी माझ्यात काही नसेलच. पण तुमच्या टेबलावर जे आले ते सगळे दिवस संपलेले लोक होते. त्यांच्यातल्या कोणाचंच पुढे काही व्हायचं नव्हतं. आयुष्यभर तेच पाहिल्यावर जेवायला बसलेल्या पोराकडेही माणूस तसंच पाहत असेल. मला हे आधी सुचायला हवं होतं. असो, सुचलं.

आज बाईंनी गाभ्यावर एक टीप लिहिली आणि तिच्याखाली माझं नाव घालायचं ठरवलं. "नाम पूरा लिखिए, जैसे आपके यहाँ लिखते हैं." इकडे नाव आणि आडनाव, बस. मधलं कोणी विचारत नाही, आणि तुम्ही गेल्यापासून मीही कुठे लिहिलेलं नाही. लिहायला बसलो आणि बोटं थांबली. आईला फोन केला. "आई, बाबांच्या नावातली वेलांटी पहिली का दुसरी?" ती म्हणाली, "मला विचारतोस? मी जन्मात कधी त्यांचं नाव घेतलं का!" मग पेटी उघडल्याचा आवाज. तुमच्या सर्व्हिस बुकाच्या झेरॉक्सवर तुमचीच सही आहे, ती तिने चष्मा लावून, अक्षर अक्षर लावत वाचली.

हे सगळं मी बाईंच्याच कॉम्प्युटरवर लिहिलंय, पोथीच्या फाईलच्या तळाशी. त्या बाजारातून परत यायच्या आत पुसायला हवं. वेलांटी दुसरी निघाली, बाबा. मी शाळेत नाव घातल्यापासून पहिलीच लिहीत आलो होतो.