दोन भिंतींमधली विरळ हवा

बंगळूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांस,
हर्षालीचा सा. न. वि. वि.

गिरणीच्या घरघरीनं तुमचे कान अधू झाले. फोनवर तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याला नुसतं व्हय व्हय म्हणता, म्हणून हे पत्र.

माझं काम आईलाही सांगा. एका नळकांड्यात दुसरं नळकांडं, दोन्ही उलट दिशांना फिरतात. मधली हवा जवळजवळ सगळी काढून घेतलेली. उरलेले कण एकमेकांना क्वचितच भेटतात, भिंतींवरच आदळतात. ही विरळ हवा भिंतींच्या फिरण्यानं तापते आणि भिंतीला खेटून असूनही भिंतीइतकी गार होत नाही. फरक किती, ते माझं गणित सांगतं. मोजताना मात्र घोळ होतो. महिन्यातून एकदा आकडा उसळतो, मग हळूहळू उतरतो.

सर म्हणतात, यंत्र भरवशाचं नाही. एकवीस तारखेला समितीपुढे कारण सांगता आलं नाही तर प्रयोग बंद. चार वर्षं पाण्यात जातील, अप्पा. फार भीती वाटते.

तुमची,
हर्षाली

माकणी, ८ फेब्रुवारी

चि. हर्षालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईला एवढंच कळलं, की लेकीनं हवा काढून टाकली. ती विचारते, मग पोरगी श्वास कसा घेते? मी हसलो तर तोंड वाकडं करून गेली.

आता माझं ऐक. हे उसळणं-उतरणं मला नवं न्हाय. दर अमावस्येला आपण गिरणी बंद ठेवून दगड उचलतो, छिन्नीनं टाकी लावून त्याच्या खाचा नव्यानं काढतो, पुसून घेतो. पुढं चार दिवस पीठ निराळंच तापतं. दळणाला येणाऱ्या कमलबाई पिठात हात घालून मला लई बोलतात. दाणे तेच, वेग तोच, पण दगडाचं तोंड बदललेलं असतं. तू तुझ्या भिंती कधी पुसतेस? लहानपणी अमावस्येला फडकं तूच धरायचीस. तारखा काढून बघ.

आणि रडू नकोस. गिरणीवाल्याची पोर फिरत्या भिंतींना भ्याली तर गाव हसेल.

आशीर्वाद पाठवलेत, कमी पडले तर मागून घे.

तुझा,
अप्पा

बंगळूर, २२ फेब्रुवारी

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

जिंकलो! नोंदवही उघडून तारखा पंचांगाशी ताडल्या. दर अमावस्येला मी यंत्र उघडून भिंती लख्ख पुसत होते. कुणी सांगितलं नव्हतं, हात सवयीनंच चालला होता. पुसलेल्या भिंतीवर आदळलेला कण आपली सगळी उष्णता तिला देत नाही. भिंतीवर सूक्ष्म थर बसत गेला, की जास्त देतो. गणितात मी भिंत कायम एकसारखीच धरली होती. ती चूक सुधारली आणि चारी वर्षांचे आकडे गणिताशी जुळले.

समितीपुढे पंचांग काढताना लाज वाटली. एक बाई आधी हसल्या, मग स्वतः उठून एकेक तारीख ताडून पाहू लागल्या. शेवटी म्हणाल्या, की मुद्दाम ठरवूनही इतक्या शिस्तीत मोजमाप झालं नसतं. प्रयोग चालू राहणार!

सरांनी विचारलं, हे सुचलं कुणाला? मी सांगितल्यावर म्हणाले, की मग शोधनिबंधावर आपली दोन नावं पुरत नाहीत. तिसरं तुमचं लिहिलंय: रामलिंग कल्याणप्पा, पिठाची गिरणी, माकणी.

आईला नमस्कार, आणि माझ्यावरची माया अशीच राहू द्या. सोबतच्या संमतीच्या कागदावर सही करून पाठवा. चांगली मोठी करा.

तुमची,
हर्षाली