सागवान प्रजासत्ताकात सुटकेचे कलम घालण्याबाबत

प्रति,
मा. राष्ट्राध्यक्ष, सागवान प्रजासत्ताक,
तथा उपविभागीय अधिकारी साहेब, मोजणी व नकाशे उपविभाग,
रामदासपेठ, नागपूर.

(मार्फत : तुरुंगाधिकारी)

विषय : आपल्या राष्ट्रउभारणीच्या खेळात अधिक खरेपणा यावा म्हणून अटकेतील इसमाच्या सुटकेची तरतूद करणेबाबत.

संदर्भ : अटकेचे कलम (मसुदा अर्जदाराचाच).

महोदय,

पत्त्यात आपले दोन्ही हुद्दे लिहिले याची प्रथम क्षमा मागतो. हा अर्ज त्यांपैकी कोणत्या हुद्द्याकडे करावा हे मला कळेनासे झाले आहे, आणि चुकीच्या हुद्द्याकडे गेलेल्या अर्जाचे काय होते हे मी याच कचेरीत बसून पाहिले आहे. तरी खालील मजकूर शांतपणे वाचावा, ही विनंती.

१. आपणांस स्मरत असेलच की, हा खेळ हेडक्लार्क श्री. वामनराव यांच्या हौसेतून निघाला. नागपूरची राजधानी गेली तेव्हा ते जुन्या सचिवालयात होते, आणि राजधानी नसलेल्या गावात त्यांना अजून करमत नाही. म्हणून आपण राजधानीसकट एक देशच मांडला. रद्द झालेल्या ट्रेसिंग क्लॉथवर त्याचा नकाशा मी काढला. नद्या, खाणी, रेल्वे, सरहद्दी सर्व माझ्या हातचे आहे, आणि नकाशा चांगला झाला आहे हे मी आजही म्हणेन. आपण राष्ट्राध्यक्ष, वामनराव गृहमंत्री, मी अन्नमंत्री. दर रविवारी दुपारी आपल्या बंगल्याच्या व्हरांड्यात, पाणी मारलेल्या खसच्या ताटीआड बसून आपण फासे टाकत असू आणि फाशांवर पाऊस, पीक व लढाया ठरत असत.

२. या खेळात खरेपणा नाही अशी तक्रार पहिल्यांदा मीच केली. फाशांत दुष्काळ पडे आणि आपण सगळे चिवडा खात बसू, हे मला पटेना. माझ्या सूचनेवरून दुष्काळाच्या रविवारी चिवडा बंद झाला. आपण हसलात, पण दुष्काळ आला की सर्वांचे चेहरे खरोखर उतरू लागले. आपण माझी पाठ थोपटलीत. मोजणी खात्यात नकाशे गिरवणाऱ्या साध्या ट्रेसरला साहेबांच्या व्हरांड्यात इतका मान मिळतो म्हणून मी हुरळून गेलो होतो.

३. त्याच भरात मी अटकेचे कलम लिहिले. अटकेतील इसमाशी कोणी बोलू नये, त्याच्या हातचे घेऊ नये, त्याच्या हाती देऊ नये, त्याने हाक मारल्यास ओ देऊ नये. हे मला कोठून सुचले, असे त्या दिवशी कोणी विचारले नाही. आता सांगतो. आमचे वडील नत्थूजी उमरेडकडच्या खेड्यात राहतात. धम्मदीक्षेनंतर आमच्या लोकांनी गावकीची कामे सोडली, तेव्हा गावाने आमच्याशी हेच केले होते. दुकानदार मीठ देईना, पिठाची गिरणी आमच्यापुरती बंद. मी लहान होतो, पण याहून जड शिक्षा जगात नाही एवढे मला तेव्हाच कळले होते. रामदासपेठेत, सुशिक्षित माणसांत, ती फक्त खेळात उरली असेल असे मी समजलो. कलम एकमताने मंजूर झाले. सुटकेचे कलम लिहायचे राहून गेले आणि ते कोणाच्याही लक्षात आले नाही.

४. पुढे आपण देशात सुबत्ता जाहीर केलीत आणि अन्नमंत्री या नात्याने मी म्हणालो की, कोठारात धान्य नाही. ते फाशांत तसे पडले होते, साहेब. माझ्या मनात दुसरे काही नव्हते. गृहमंत्र्यांनी मला अटक केली, सगळे हसले, मीही हसलो. मला ताटीबाहेर उन्हात बसविण्यात आले. संध्याकाळी मी "येतो साहेब" म्हणालो, तेव्हा कोणी उत्तर दिले नाही. खेळ चांगला रंगला, असे मनाशी म्हणत मी घरी गेलो.

५. सोमवारी कचेरीतही कोणी बोलले नाही. हल्ली दिवस असे आहेत की लोक बसमध्येसुद्धा हळू बोलतात, म्हणून सुरुवातीला मला त्यात काही वेगळे वाटले नाही. परंतु चपराशी माझा चहा टेबलावर न ठेवता खिडकीत ठेवून जाऊ लागला. तपासायला दिलेले नकाशे माझ्या नावाशिवाय परत येऊ लागले. वसाहतीच्या नळावर माझी पत्नी सौ. गोपिका हिची घागर रांगेतून मागे सरकवण्यात आली. ती आपल्या बंगल्यावर, बाईसाहेब शोभाताईंकडे विचारायला गेली. तिला असे सांगण्यात आले म्हणतात की, तिने तुरुंगाधिकाऱ्याचे पद घेतल्यास तिच्याशी बोलण्यास हरकत नाही. तिने ते घेतले. तिला मी दोष देत नाही, पाणी तर लागतेच.

६. मला वाटले होते, दार लावल्यावर तरी ती बोलेल. ती बोलत नाही. ताट वाढून जमिनीवर ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाते. शेजारच्या क्वार्टरची भिंत एका विटेची आहे आणि भांडे आपटले तरी पलीकडे ऐकू जाते, हे तिला माहीत आहे. ती मला भीत नाही, पलीकडे ऐकू जाईल असे बोलण्याला भिते. मागील आठवड्यात वडील एस.टी.ने आले. सर्व पाहून ते मला म्हणाले, "देवा, आमच्या वक्ती याले कोणी खेळ नाही म्हणत होते गा." मग सुनेकडे वळून म्हणाले, "तू काहून चूप बसून राहिली वं पोरी? एक शब्द तं बोल त्याच्याशी." तिने पदर तोंडाशी धरला आणि पाणी आणायला गेली. वडील त्याच दिवशी परतीच्या गाडीने गेले. जाताना त्यांनी मला विचारले की, हे कलम लिहिले कोणी. मी त्यांची पिशवी गाडीत चढवून दिली.

७. काल रविवारी मी नेहमीप्रमाणे ताटीबाहेर माझ्या जागी येऊन बसलो. आत आवाज नव्हता, म्हणून धीर करून डोकावलो. व्हरांड्यात कोणी नव्हते. सागवान प्रजासत्ताकाचा नकाशा बाजेवर पसरलेला होता आणि त्यावर पापड वाळत घातलेले होते. फासे कोठे दिसले नाहीत. महोदय, मला भीती वाटते. मला तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. खेळ बंद होऊन बराच काळ झाला असेल आणि मला तेवढे सांगायचे राहून गेले असेल, तर कचेरीत, नळावर आणि माझ्या घरात जे चालू आहे ते काय आहे? ते कोणत्या कलमाखाली येते?

८. सबब विनंती की, कृपा करून खेळ पुन्हा सुरू करावा. ज्या देशात अटक आहे आणि सुटका नाही तो खरा वाटत नाही, एवढे कारण ठरावापुरते पुरे. धान्य भरपूर होते, असे लिहून देण्यास मी तयार आहे. फासे मी चुकीचे वाचले, असेही लिहून देतो. सुटका लगेच न जमल्यास ती नंतर करावी, मी ताटीबाहेर बसेन. मात्र हा खेळच आहे, दुसरे काही नाही, असे आपल्या सहीने एका ओळीत कळवावे. ती ओळ मला वडिलांना दाखवायची आहे.

आपला नम्र आणि अद्याप अटकेतील,

(देवराव नत्थूजी बागडे)
ट्रेसर, तथा माजी अन्नमंत्री
नागपूर, दि. २४ मे १९७६

सोबत : १) अटकेच्या कलमाची नक्कल. २) सुटकेच्या कलमासाठी कोरा कागद.

तुरुंगाधिकाऱ्याचा शेरा :
अर्ज वाचला. पुढे पाठवत आहे. कैदी झोपेत माझे नाव घेऊन हाका मारतात. मी ओ देत नाही. साहेबांचे उत्तर काय यायचे ते येवो, पण झोपेतल्या हाकेला ओ दिली तर चालेल काय, तेवढे आधी कळवावे.
सौ. गोपिका बागडे